'श्यामची आई'चे पुनर्वाचन : संस्कार, कर्ज आणि अब्रू

१

बालपणी आवडलेल्या पुस्तकाकडे प्रौढ वयात परत जाणे ही वाङ्मयव्यवहारातील नित्याची घटना आहे. परंतु समीक्षेने ती फारशी मनावर घेतलेली नाही. मार्सेल प्रूस्त याने १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या वाचनविषयक निबंधात असे दाखवून दिले की, बालपणीच्या वाचनातून पुस्तकातील आशयापेक्षा ते पुस्तक जेथे व ज्या दिवसांत वाचले त्या जागांची व त्या दिवसांचीच प्रतिमा मनात अधिक उरते. रोलाँ बार्थ याने १९७० साली 'एस/झेड' या ग्रंथात पुनर्वाचनाचा प्रश्न वेगळ्या बाजूने मांडला. एकदा वाचून टाकून देण्याच्या व्यापारी रिवाजात पुनर्वाचनाची मुभा मुले, वृद्ध आणि प्राध्यापक अशा काठावरच्या वाचकांनाच असते. आणि जे पुन्हा वाचत नाहीत ते सगळीकडे एकच कथा वाचत राहतात, असे त्याचे प्रतिपादन होते. या दोन विधानांमध्ये एक ताण आहे. प्रूस्तच्या मते बालपणीचे पुस्तक हे मुख्यतः स्मृतीचे पात्र असते. बार्थच्या मते पुनर्वाचनानेच संहिता अनेकवचनी होते. मग ज्या पुस्तकावर एका समाजाच्या सामूहिक स्मृतीने दाट लेप चढविला आहे, त्याचे पुनर्वाचन कसे शक्य होते?

मराठीत हा प्रश्न साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकाच्या संदर्भात जितक्या तीव्रतेने उभा राहतो, तितका अन्य कोणत्याही पुस्तकाच्या संदर्भात क्वचितच राहील. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अगदी थोड्या दिवसांत लिहिले गेलेले व १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी घरांत वाङ्मयकृती म्हणून येत नाही. ते बक्षीस म्हणून, मुंजीतला आहेर म्हणून, पाठ्यपुस्तकातला धडा म्हणून येते. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने, आणि त्याला १९५४ साली मिळालेल्या पहिल्या राष्ट्रपती सुवर्णपदकाने, या पुस्तकाचा दृश्य ठसाही निश्चित करून टाकला. परिणामी 'श्यामची आई' न वाचताही ते 'माहीत' असते. मातृप्रेमाचे महन्मंगल स्तोत्र हे वर्णन या पुस्तकाला एवढे चिकटले आहे की, त्याच्या आत आणखी काही असू शकते ही शक्यताच वाचकाच्या मनात उद्भवत नाही.

२

बालवाचकाच्या स्मृतीत या पुस्तकातील काय उरते याचा विचार केल्यास पाचसहा प्रसंगांची एक मालिका समोर येते. न्हाऊन झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारा श्याम, आणि पायांइतकेच मनालाही जपण्याची आईची शिकवण. कळ्या खुडून आणणाऱ्या श्यामला मुक्या फुलांविषयी मिळालेली समज. पोहायला जाण्याची भीती वाटून लपून बसलेला श्याम आणि हातात शिंपटी घेऊन त्याला विहिरीकडे पिटाळणारी आई. पत्रावळ लावता न येणाऱ्या मुलाला श्रमाचा मिळालेला धडा. मीठ घालायचे राहून गेलेली भाजी मुकाट्याने खाणारे वडील. हे प्रसंग सुटे आहेत. प्रत्येकाला स्वतःचा आरंभ, स्वतःचे अश्रू आणि स्वतःचे तात्पर्य आहे. पाठ्यपुस्तकांनी हेच प्रसंग उचलले, कथामालांनी हेच प्रसंग सांगितले आणि संस्कारवर्गांनी त्यांतून वळणाची सूत्रे काढली.

या वाचनाला खोटे म्हणता येणार नाही. पुस्तकाची रचनाच त्याला अनुकूल आहे. सायंप्रार्थना आटोपल्यावर आश्रमातील मित्रांना आणि जमलेल्या गावकऱ्यांना श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो. एका रात्री एक आठवण, अशा या बेचाळीस रात्री आहेत. कोणतेही पान उघडावे आणि एक रात्र वाचावी, अशी सोय या आकृतिबंधातच आहे. लहान मूल पुस्तक बहुधा असेच वाचते. आवडलेली रात्र पुन्हा पुन्हा वाचली जाते, कंटाळवाणी वाटलेली ओलांडली जाते, आणि शेवटच्या रात्री तर आईच्या मृत्यूच्या धास्तीने अनेकदा टाळल्याच जातात.

प्रौढ वाचकाच्या पुनर्वाचनात पहिला बदल घडतो तो येथे. तो पुस्तक सलग वाचतो. आणि सलग वाचताच सुट्या संस्कारकथांच्या मागे एक अखंड कथानक उभे असल्याचे त्याच्या ध्यानात येते. ते कथानक एका घराच्या बुडण्याचे आहे.

३

कोकणातील खोताचे घर. भाऊबंदकीतून झालेली वाटणी. मोठ्या घरातून बाहेर पडून उभारलेले गवती छपराचे मातीचे घर. कोर्टकचेऱ्या, वाढत गेलेले व्याज, सावकाराचा तगादा. फिर्याद, हुकूमनामा, जप्ती आणि गावभर फिरलेली दवंडी. त्यानंतर आईचे अंथरूण धरणे आणि दूर शिकायला असलेल्या मुलाची भेट न होताच तिचे जाणे. हे टप्पे एकामागून एक मांडले की 'श्यामची आई'चा कणा स्पष्ट दिसतो. 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' ही बत्तिसावी रात्र आहे. तेथून अखेरपर्यंतच्या अकरा रात्रींत निवेदनाची जातच बदलते. तोवर काळ वर्तुळाकार होता: सण, व्रते, ऋतू, सुट्टीत घरी येणारा मुलगा. आता तो सरळ रेषेत आणि उताराने धावू लागतो. तात्पर्ये विरळ होत जातात. गोष्ट सांगणाऱ्या श्यामला उपदेश करायला उसंत मिळत नाही. कथामाला म्हणून सुरू झालेले पुस्तक अखेरच्या चतुर्थांशात कादंबरीच्या नियमांनी चालू लागते.

या शेवटाच्या प्रकाशात आधीच्या रात्री पुन्हा वाचल्या म्हणजे त्यांचे अर्थही हलतात. 'आनंदाची दिवाळी' या प्रकरणात आई माहेरहून आलेल्या भाऊबिजेच्या पैशांतून पतीसाठी धोतर आणविते. बालवाचकाने या प्रसंगात त्याग पाहिलेला असतो. प्रौढ वाचकाला आणखी एक गोष्ट दिसते: ज्या घरातला कर्ता पुरुष फाटके धोतर नेसून सणाला उभा राहतो आणि ज्या घरातल्या बाईच्या हाती वर्षात आपले म्हणावे असे एवढेच पैसे येतात, त्या घराचा जमाखर्च. धाकट्या भावासाठी खाऊचे पैसे साठवून शिवून आणलेला कोट हा बंधुप्रेमाचा धडा असतो, तसाच तो घरात नवा कोट शिवण्याची ऐपत उरली नसल्याचा दाखलाही असतो. पुस्तकांच्या ओढीने श्यामच्या हातून घडलेली चोरी, भोजनप्रसंगी दक्षिणा घेण्याला आईने केलेला विरोध, पत्रावळ लावण्याचा आग्रह या सर्वांच्या तळाशी टंचाई आहे. या पुस्तकात एकही नैतिक कृती अशी नाही की जिची आर्थिक बाजू निवेदकाने नोंदवलेली नाही. आण्यापैचा हिशेब येथे सर्वत्र आहे. बालवाचकाला तो दिसत नाही, कारण हिशेब हा मुलांचा विषय नसतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संस्कार म्हणजे दारिद्र्यावर घातलेले पांघरूण, अशा ठोकळ सूत्रात ही कृती बसविणे तिच्यावर अन्यायाचे होईल. आईची मूल्ये टंचाईतून उपजलेली नाहीत. ती टंचाईत पणाला लागलेली आहेत. भरल्या घरात उदारता हा स्वभावविशेष असतो, रिकाम्या घरात तो निर्णय असतो. घरी कांडपाला येणारी मथुरी आजारी पडल्यावर तिची विचारपूस करणारी आई स्वतः कोणत्या स्थितीकडे चालली आहे, हे पुनर्वाचकाला आधीच ठाऊक असते. पुढे 'तेल आहे, तर मीठ नाही!' या अवस्थेत पोचलेली हीच गृहिणी इतरांच्या घरी श्रम करून चार पैसे मिळविण्याच्या निकडीला येते. श्रम घेणारी आणि श्रम विकणारी यांच्यातील अंतर एका पिढीतच, एकाच स्त्रीच्या आयुष्यात मिटते. त्या ज्ञानाने पूर्वीचा दयाभाव उणा होत नाही. त्याला धार येते.

४

या कथानकाचा केंद्रबिंदू दवंडी आहे. 'अब्रूचे धिंडवडे' या सदतिसाव्या रात्री जप्तीची दवंडी गावात फिरते, शाळेतली मुले धाकट्या भावाला चिडवतात आणि ते मूल रडत आईकडे येते. घर जाणार हे सत्य आधीच ठाऊक असते. आई त्याने खचत नाही. ते सत्य चारचौघांत ढोल वाजवून सांगितले जाते, आणि मग ती उठत नाही. तिला मारते ते दारिद्र्य नव्हे, दारिद्र्याचे जाहीर होणे. साने गुरुजींनी कर्जाचे हे सामाजिक रूप ज्या अचूकपणे पकडले आहे, त्याला त्या काळच्या मराठी कथात्म वाङ्मयात फारशा जोडी सापडणार नाहीत. कर्ज ही येथे दोन व्यक्तींमधील देवघेव राहत नाही. ती गावाच्या नजरेतून चालणारी यंत्रणा होते. सावकाराच्या हाती कागद असतो, कोर्टाच्या हाती हुकूम असतो. परंतु वसुलीचे खरे हत्यार लाज हे असते, आणि ती लाज वाहून नेण्याचे काम घरातल्या बाईकडे असते.

याच इलाख्याच्या इतिहासात कर्जाला दिलेले एक निराळे उत्तर आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांवर चाल केली आणि कर्जरोख्यांची होळी केली; त्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. सुप्याच्या रयतेने कागद जाळला. पालगडच्या या घरात कोणी कागद जाळत नाही. सावकाराचा माणूस तगाद्याला येऊन घरातील स्त्रीच्या मानाला झोंबेल असे बोलतो तेव्हा आईचा संताप एकदाच उफाळतो, आणि त्या प्रसंगापुरती ही सोशिक स्त्री पुस्तकातील सर्वांत निर्भय व्यक्ती होते. पण तो संताप टिकत नाही. तो आत वळतो आणि आजार होतो. दोन उत्तरांतील फरक स्वभावाचा नाही, सामाजिक स्थानाचा आहे. ज्यांना गावात मान होता त्यांनाच मानहानीने मरण येते. खोताचे घर रयतेबरोबर उभे राहून रोखे जाळू शकत नव्हते, कारण रयतेच्या दृष्टीने तेही वसुली करणारेच घर होते.

पुस्तक प्रसिद्ध झाले तो काळही येथे लक्षात घ्यावयास हवा. गुरुजींच्या आईचे निधन १९१७ चे. लेखन १९३३ चे. मधल्या काळात जागतिक मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले, कर्जाचा प्रश्न सर्व शेतकरी वर्गाचा झाला आणि १९३९ साली मुंबई सरकारला शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. १९३५ चा वाचक बत्तिसावी रात्र वाचत होता तेव्हा त्याला ती भूतकाळाची करुण कहाणी वाटली नसणार. ती त्याच्या दारातली गोष्ट होती. नंतरच्या पिढ्यांतील मध्यमवर्गीय वाचक शेतीपासून, आणि म्हणून शेतीच्या कर्जापासून, दूर गेला. त्याबरोबर पुस्तकातून कर्ज पुसट झाले आणि संस्कार तेवढे उरले. या पुस्तकाला चिकटलेले 'संस्कारग्रंथ' हे नाव म्हणजे एका वाचकवर्गाच्या स्थलांतराचा इतिहास आहे.

५

पुनर्वाचनात आईची व्यक्तिरेखाही पालटते. रूढ प्रतिमेतील आई भावनेची मूर्ती आहे. संहितेतील आई घरातील सर्वांत चोख व्यवहारदृष्टी असलेली व्यक्ती आहे. थोडी जमीन विकावी आणि कर्जातून मोकळे व्हावे, हा शहाणपणाचा सल्ला तिचा आहे. तो मानला जात नाही. वडिलोपार्जित जमिनीचा मोह आणि पुरुषी अहंकार आड येतो, बायकांना त्यातले काय कळते असा सूर निघतो. वडील दुष्ट नाहीत. निवेदक त्यांना विलक्षण ममतेने रंगवितो. अळणी भाजीच्या प्रसंगातील त्यांचा समंजसपणा तर या पुस्तकातील सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे. पत्नीचे मन न दुखविण्याइतके ते हळवे आहेत, पण तिचे मत ऐकण्याइतके नाहीत. ज्या व्यवस्थेत प्रेम असते आणि हक्क नसतो तिची शोकांतिका यापेक्षा नेमकी कशी सांगता येईल?

हक्क नसणे ही येथे अलंकारिक बाब नाही. त्या काळी हिंदू स्त्रीला पतीच्या स्थावर मिळकतीबाबत निर्णयाचा अधिकार नव्हता. विधवेला मर्यादित मालकी देणारा कायदा १९३७ चा, आणि वारसाहक्काचा व्यापक कायदा १९५६ चा. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेऊन पत्नीच्या नावे जमिनीचा तुकडा करण्याचे आवाहन शेतकऱ्यांना केले, तेव्हा त्या आवाहनामागे जी जाणीव होती तिचे बीज या 'बालवाङ्मया'त सापडते. कर्ज पुरुषाच्या सहीने होते, त्याची झळ बाईच्या चुलीला लागते, आणि निर्णयाच्या कागदावर तिचे नाव नसते. आईचे मरण भावनेच्या अतिरेकाने ओढवलेले नाही. तिचा विवेक घरात वापरलाच गेला नाही म्हणून ते ओढवले आहे.

याच काळात, १९३४ पासून, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. दोन्ही पुस्तकांत घरातील स्त्री केंद्रस्थानी आहे, दोहोंत पतीचा अव्यवहारीपणा आहे, दोहोंत ओढग्रस्ती आहे. लक्ष्मीबाई स्वतः बोलतात, म्हणून त्यांना हसता येते. पतीवर आणि स्वतःवरही. श्यामच्या आईविषयी मुलगा बोलतो. तिच्या विनोदाची, रागाची, कंटाळ्याची जागा मुलाच्या भक्तीने व्यापली जाते. शीर्षकात तिचे नाव नाही. ती कोणाची तरी आई आहे. ही या कृतीची मर्यादा म्हणून नोंदविली पाहिजे. परंतु त्या भक्तीच्या फटींतून तिचा व्यवहारी, ताठ आणि क्वचित कठोर आवाज ऐकू येत राहतो. निवेदकाने आपल्या आईला देव्हाऱ्यात बसविले, पण तिचे बोलणे त्याला गाळता आले नाही. कृतीचा विजय तिच्या कर्त्याच्या हेतूपलीकडे जातो तो अशा ठिकाणी.

६

पुनर्वाचनाने फक्त गौरवच वाढतो असे नाही. काही ठिकाणी अस्वस्थताही वाढते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणात लाकडांची मोळी उचलता न येणाऱ्या महार समाजातील वृद्धेला मदत करण्यास आई श्यामला पाठविते, आणि नंतर त्याने स्नान करावे असेही सांगते. बालवाचकाला यातली माणुसकी दिसते. प्रौढ वाचकाला स्नानही दिसते. सहानुभूती आणि शिवाशिव एकाच घरात, एकाच मनात नांदू शकतात हे सत्य लेखकाने लपविलेले नाही. पण त्या प्रसंगातील वृद्धेला घरी परतल्यावर काय वाटले असेल, हे विचारण्याइतकी जागा बेचाळीस रात्रींत कोठेही नाही.

दवंडीच्या प्रसंगाकडेही या अंगाने पाहता येते. गावकीच्या व्यवस्थेत दवंडी देणे हे महाराकडे लादलेले काम होते. ज्या ढोलाने खोताच्या घराची अब्रू गेली, तो वाजविणाऱ्याची अब्रू गावाच्या हिशेबात कधी धरलीच गेली नव्हती. तसेच खोताच्या कर्जाची कहाणी सविस्तर सांगणाऱ्या या पुस्तकात खोताच्या कुळांची कहाणी नाही. १९३३ च्या सुमारास कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा दीर्घ संप सुरू झाला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. म्हणजे ज्या काळात मराठी घरे एका खोताच्या पत्नीसाठी रडत होती, त्याच काळात खोती ही संस्थाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. हे दोन्ही अश्रू खरे आहेत, आणि ते एकाच पुस्तकात मावत नाहीत.

लेखकाच्या बाजूने एवढे मात्र म्हटले पाहिजे की, हा अपुरेपणा त्याच्या आयुष्याने ओलांडला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. मोळी उचलून घरी आल्यावर स्नान करणारा मुलगा आणि मंदिराच्या दाराशी उपोषणाला बसलेला पुरुष यांच्यामध्ये जो प्रवास आहे, त्याची पहिली पायरी या पुस्तकात आहे. पुनर्वाचकाने पायरीला शिखर समजू नये, आणि ती पायरी होती हेही विसरू नये.

७

निवेदनतंत्राचा विचार येथपर्यंत बाजूला ठेवला. आता त्याकडे वळणे प्राप्त आहे. वॉल्टर बेन्यामिन याने १९३६ साली कथाकाराविषयी लिहिलेल्या निबंधात म्हटले की, गोष्ट सांगणाऱ्याचा अधिकार त्याला मृत्यूकडून मिळतो. 'श्यामची आई'तील श्यामचा अधिकार असाच आहे, पण त्याला एक बोच आहे: आईच्या मरणाच्या वेळी तो तेथे नव्हता. ज्या क्षणाने कथेला अधिकार मिळतो त्या क्षणाचा निवेदक साक्षीदार नाही. 'भस्ममय मूर्ती' हे प्रकरण या अनुपस्थितीचे प्रकरण आहे. ती भरून काढण्यासाठी तो उपस्थितीचा प्रत्येक कण गोळा करतो. एकेक रात्र म्हणजे अशी एकेक कमाई आहे. तुरुंगात, घरापासून पुन्हा एकदा दूर असताना, हे लेखन व्हावे यात योगायोग कमी आणि आंतरिक संगती अधिक आहे.

मराठीत 'कर्ज' आणि 'ऋण' असे दोन शब्द आहेत. कर्ज सावकाराचे असते. त्याला व्याज असते, मुदत असते, त्यासाठी जप्ती येते. ऋण देवांचे, ऋषींचे, पितरांचे असते. ते मान्य करणे हीच त्याची फेड असते. 'श्यामची आई' ही या दोन शब्दांमधली कथा आहे. वडिलांना कर्ज फेडता आले नाही. मुलगा ऋण सांगत बसला आहे. गावात कर्जाची दवंडी फिरली आणि आईची अब्रू गेली. सोळा वर्षांनी मुलाने ऋणाचे पुस्तक लिहिले आणि ते घराघरांत फिरले. एका जाहीर अपमानाला दिलेले हे तितकेच जाहीर उत्तर आहे, असा अन्वयार्थ लावला तर या कृतीच्या अतिरेकी वाटणाऱ्या भावनेचाही उलगडा होतो. रडवेपणाचा आक्षेप या पुस्तकावर वारंवार घेतला गेला आहे, आणि काही रात्रींपुरता तो मान्यही करावा लागतो. तेथे उपदेश आणि अश्रू यांची सरमिसळ वाचकाच्या विवेकाला गृहीत धरते. तथापि अखेरच्या अकरा रात्रींना तो लागू होत नाही. तेथे भावना प्रसंगाहून मोठी नाही. किंबहुना ज्या घरावर जप्ती आली आहे तेथील मुलाने शांत, तटस्थ स्वरात बोलावे ही अपेक्षाच सुस्थितीतील वाचकाची अपेक्षा आहे.

८

या पुस्तकाची आजची प्रस्तुतता सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी कर्ज हा शब्द महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात पुन्हा आणला. २००८ साली केंद्राने, २०१७ साली राज्याने कर्जमाफी जाहीर केली. त्या चर्चांत आकडे होते, निकष होते. लाज हा शब्द क्वचितच होता. एवढ्याशा कर्जासाठी माणूस मरतो कसा, या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या परिभाषेत पुरते मिळत नाही. सदतिसाव्या रात्री ते मिळते. रक्कम किती हा प्रश्न तेथे गौण आहे. ती कोणासमोर मागितली गेली, हा प्रश्न मुख्य आहे.

दवंडीही संपलेली नाही, तिचे वाद्य तेवढे बदलले आहे. थकबाकीदारांची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापण्याचा मार्ग बँकांनी अवलंबिला. मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्यांचे वसुली करणारे लोक ऋणकोच्या आप्तांना व परिचितांना फोन करून त्याची बदनामी करू लागले, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला वसुलीसाठी कर्जदाराचा जाहीर अपमान करू नये, त्याच्या कुटुंबीयांच्या व मित्रांच्या खाजगीपणावर आक्रमण करू नये, असे परिपत्रकाने बजावावे लागले. पालगडच्या त्या रडत आलेल्या धाकट्या भावाची व्यथा या परिपत्रकाच्या कोरड्या भाषेत नव्वद वर्षांनी उमटली आहे.

अशा वेळी 'श्यामची आई' मुलांच्या हाती देणाऱ्या मोठ्यांवर एक जबाबदारी येते. हे पुस्तक बहुधा मुलांनी आज्ञाधारक व्हावे म्हणून दिले जाते. त्यातून आईने सोसत राहावे हा संदेशही नकळत दिला जातो, आणि तो घरातल्या मुलींपर्यंत आधी पोचतो. पण संहिता सोसण्याचा गौरव करून थांबत नाही. ती सोसण्याची किंमत मांडते, आणि त्या किमतीचा तपशील आण्यापैसह देते. जिचे ऐकले असते तर घर वाचले असते, अशा एका बाईची ही गोष्ट आहे. बालपणी ती वाचताना रडू आले, ते आईसाठी आले. पुन्हा वाचताना प्रश्न पडतो, आणि तो सावकाराला, वडिलांना, गावाला आणि त्या गावाच्या अब्रूच्या कल्पनेला विचारायचा असतो. पहिल्या वाचनाच्या अश्रूंनी हा प्रश्न इतकी वर्षे ओला ठेवला, हे त्या अश्रूंचे श्रेय होय. आणि प्रश्न विचारला जाणे ही त्या पुस्तकाची, उशिराने का होईना, झालेली फेड होय.